डॉ. मेबल आरोळे : जामखेडच्या डॉक्टरीणबाई

इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात डॉक्टरवर लेख कशाला, असं होस्टेलवर मला दोघातिघांनी विचारलं. विश्वेश्वरय्या, टाटा, कलाम... दरवर्षी हीच नावं आपल्या मराठी विभागात फिरून फिरून येतात. ती माणसं मोठीच, त्याबद्दल वाद नाही. पण आपल्याच जिल्ह्यात, नगरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, एका बाईने नवऱ्याच्या जोडीने अशी एक व्यवस्था उभी केली की ती बघायला आणि शिकायला आफ्रिका-अमेरिकेतून लोक येत राहिले. त्या बाईंचं नाव डॉ. मेबल आरोळे. आपल्या वर्गात किती जणांना हे नाव माहीत आहे, हे एकदा विचारून बघा!

माझं गाव जामखेडच्या शेजारच्या तालुक्यातलं. त्यामुळे ‘आरोळ्यांचा दवाखाना’ हे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले. त्या दवाखान्यामागची गोष्ट मात्र या लेखाच्या निमित्ताने नीट वाचून काढली, आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा आपणच जास्त वाचायला हवी.

मेबल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ चा, जबलपूरचा. वडील तिथल्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजात प्राध्यापक. घर शिकलेलं. मुलीने डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि ती वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दाखल झाली. हे कॉलेज म्हणजे आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९१८ साली खास मुलींसाठी सुरू केलेली शाळा. पुरुष डॉक्टरकडून बाळंतपण करून घ्यायला तयार नसलेल्या घरांमधल्या बायका हकनाक मरत होत्या, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. पुढे तिथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला आणि त्या मुलांमध्ये आपल्या नगर जिल्ह्याचा एक मुलगा होता. नाव रजनीकांत आरोळे. जन्म सुप्याचा, लहानपण राहुरीतलं, आई-वडील शिक्षक. दोघेही १९५९ साली डॉक्टर झाले आणि १९६० साली त्यांचं लग्न झालं. लग्नातच दोघांनी ठरवून टाकलं की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी घालवायचं. लग्नाच्या दिवशी माणूस काय काय ठरवतो! पण या दोघांनी ते खरंच शेवटपर्यंत पाळलं.

सुरुवात झाली नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात. साल १९६२ च्या आसपासचं. काम भरपूर, पेशंटची रीघ. चारेक वर्षं दोघांनी तिथे जीव तोडून काम केलं. पण एक गोष्ट खटकत राहिली. जुलाबाने अर्धमेलं झालेलं पोर सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, आणि काही दिवसांनी तेच पोर पुन्हा दारात. तेच पाणी, तीच घाण, तीच उपासमार. शिवाय जे हॉस्पिटलपर्यंत पोहोचतच नाहीत त्यांचं काय? बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते, आणि ते टाळण्याची जागा हॉस्पिटलात नव्हती, गावात होती. आपल्या भाषेत सांगायचं तर मशीन पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बिघडतंय आणि आपण दरवेळी फक्त पार्ट बदलून देतोय, असला प्रकार.

मग दोघं अमेरिकेला गेले. क्लीव्हलँडला मेबलनी मेडिसिनचं आणि रजनीकांतनी सर्जरीचं पुढचं प्रशिक्षण घेतलं. त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण. तिथे कार्ल टेलर नावाचे प्राध्यापक होते, भारतातच जन्मलेले आणि आपली खेडी ओळखणारे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली पुढच्या कामाचा आराखडा तयार झाला. इथे जरा थांबावंसं वाटतं. आपल्या होस्टेलवर सहाव्या सेमिस्टरपासून जीआरईच्या शब्दांची पाठांतरं सुरू होतात. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, माझ्याही टेबलावर ते पुस्तक आहे! पण साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत भारतीय डॉक्टरांना दारं उघडी होती, हे दोघं तर पदव्या घेऊन, अनुभव घेऊन तिथेच होते. १९७० साली त्यांनी सामान बांधलं आणि आले कुठे? जामखेडला.

ज्यांना जामखेड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा तालुका. बीड, धाराशिव, सोलापूर या जिल्ह्यांना खेटून. मराठे आणि निजाम यांची १७९५ ची लढाई जिथे झाली तो खर्डा याच तालुक्यात. ज्यांच्या नावावरून आता आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात, त्या अहिल्यादेवींचं चौंडीही याच तालुक्यात. पण इतिहासाने पोट भरत नाही. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, रेल्वे नाही. त्या काळात ऊसतोडीला नाहीतर मुंबई-पुण्याला जाणं हाच उपाय. असाच भाग हवा म्हणून आरोळे दांपत्याने तो निवडला होता. स्थानिक पुढाऱ्यांनी बोलावलं, जागा म्हणून जनावरांचा जुना, रिकामा पडलेला दवाखाना मिळाला आणि काम सुरू झालं.

आता खरी गंमत पुढे आहे. हॉपकिन्सला शिकून आलेले हे दोघं लसीकरण, बाळंतपण, कुटुंबनियोजन सांगायला लागले. गावाला हवं होतं वेगळंच. गावाला हवं होतं अन्न आणि पाणी! तेवढ्यात १९७२ चा दुष्काळ येऊन ठेपला. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी आजही ज्याचं नाव निघतं तो बहात्तरचा दुष्काळ. मग आरोग्याचं पुस्तक जरा बाजूला ठेवून आधी लहान मुलांसाठी गावोगावी सामूहिक स्वयंपाकघरं सुरू झाली आणि बोअर घेतले गेले. या बोअरची गोष्ट मला फार आवडते. गावची विहीर दलितांना बंद असायची. कुणी दयाळूपणे ओंजळीत पाणी ओतलं तरच मिळायचं. आरोळ्यांनी भाषण केलं नाही. बोअरसाठी जागा शोधताना त्या दलित वस्तीतच शोधल्या. हातपंप तिथे बसला. आता पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे जायचं. जातीची उतरंड एका दिवसात मोडली असं नाही, पण हंडे घेऊन एका रांगेत उभं राहावं लागलं. साइट सिलेक्शन हा विषय आपण परीक्षेपुरता शिकतो. त्याची खरी ताकद इथे कळते.

तरुणांना गोळा करायला दोघांनी व्हॉलीबॉलचा आधार घेतला. संध्याकाळी खेळ, खेळाला जात नाही, खेळानंतर गप्पा. त्यातून तरुण शेतकरी मंडळं तयार झाली. याच मंडळांच्या पोरांनी गावातल्या लहान मुलांची वजनं घेतली. आपल्याच पुतण्या-भाच्यांची वजनं काट्यावर बघून त्यांना कुपोषण म्हणजे काय ते समजलं. बाहेरच्या माणसाने येऊन सांगितलेला आकडा आणि स्वतः मोजलेला आकडा यात किती फरक असतो, हे प्रॅक्टिकलची जर्नल्स कॉपी करणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण मुख्य प्रश्न सुटत नव्हता. गावात रोज आरोग्याचं काम कोण करणार? सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई गावात नेमल्या. कागदावर अगदी बरोबर योजना. प्रत्यक्षात फसली. बाहेरून आलेली, एकटी राहणारी तरुण मुलगी. तिला गावात सुरक्षित वाटेना आणि गावातल्या सासवांना तिचं ऐकावंसं वाटेना. स्वतःला पोर नाही आणि आम्हाला बाळंतपण शिकवते, असा सगळा रोख. तेव्हा गावकऱ्यांकडूनच सूचना पुढे आली, की आमच्याच गावातली बाई का नाही शिकवत?

हा प्रश्न मेबलबाईंच्या आयुष्याला वळण देणारा ठरला असं मला वाटतं. कारण गावातली मोकळी, वयाने जरा पोक्त, सगळ्यांच्या घरी जाऊ शकणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा निरक्षर बाई. अनेकदा दलित. कधी नवऱ्याने टाकलेली, कधी विधवा. वेल्लोर, क्लीव्हलँड, बाल्टिमोर करून आलेल्या डॉक्टरने आपली विद्या तिच्या हाती द्यायची! आपण सिनियर असून ज्युनियरला असाइनमेंट समजावून सांगताना कंटाळतो. मेबलबाईंनी हे काम आयुष्यभर केलं. तेही जी आपली मायबोली नव्हे त्या मराठीत.

दर आठवड्याला या बाया जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. आपापली जात घरी ठेवून येणं सोपं नव्हतं. मराठा, माळी, धनगर, महार, मांग अशा सगळ्या एकत्र जेवायच्या आणि रात्री एकत्र झोपायच्या. पांघरुणं एकमेकांना जोडून शिवलेली, म्हणजे एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली सगळ्या. शिवाशिव पाळायची तर थंडीत कुडकुडायचं! शिकवण्यात आजारांइतकंच महत्त्व दुसऱ्या एका गोष्टीला होतं. उभं राहून स्वतःचं नाव सांगणं. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख असलेल्या बाईला आपलं नाव चारचौघांत मोठ्याने सांगता येणं. ज्या बाईला स्वतःची किंमत वाटत नाही तिचं गाव कसं ऐकणार?

वह्या-पुस्तकं उपयोगाची नव्हती. मग चित्रं, गाणी, गोष्टी आणि पाठांतर. आठवडाभर गावात काय पाहिलं ते आधी बायांनी सांगायचं, त्यावर चर्चा, त्यातून नवा धडा. जुलाब झालेल्या पोराला पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. माझी आजी सांगते की त्यांच्या काळी हगवण लागली की पोराचं पाणीच बंद करायचे, आणि पोर सुकून जायचं. गरोदर बाईने पोर मोठं होऊन अडेल या भीतीने कमी खायचं, ही पद्धत. बाळाला पहिले दोन-तीन दिवस अंगावर पाजायचं नाही, ही दुसरी पद्धत. नाळ कापायला जे हाताला येईल ते वापरायचं, ही तिसरी. या प्रत्येक पद्धतीला उत्तर होतं आणि ते उत्तर स्वस्त होतं. निर्जंतुक केलेलं ब्लेड, दोरा, कापसाचा बोळा. यात महागडं काहीच नाही. महाग होता तो विश्वास. तो नात्यातल्या, गल्लीतल्या बाईवरच बसला. पुढे याच बाया पोटावरून बाळाची ठेवण ओळखायला शिकल्या, रक्तदाब मोजायला शिकल्या, कातडीवरचा कुष्ठरोगाचा चट्टा आणि क्षयाचा खोकला ओळखायला शिकल्या. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढण्याऐवजी गावातच उपचार मिळू लागले.

म्हणजे हॉस्पिटल नको होतं का? तसं मुळीच नाही. अडलेली बाळंतीण, मोठं ऑपरेशन, यासाठी जामखेडला हॉस्पिटल होतंच. मध्ये एक फिरतं पथक. नर्स, सामाजिक कार्यकर्ता, कधी डॉक्टर, असं जीपमधून गावोगाव फिरायचं, सेविकेच्या कामाला आधार द्यायचं. आणि पायाशी गाव. गावची सेविका, शेतकरी मंडळ, महिला मंडळ. अशी तीन पायऱ्यांची रचना. जे काम खालच्या पायरीवर होऊ शकतं ते वरच्या पायरीवर आणायचं नाही, हा साधा नियम. शेतातल्या अपघातात पाय गेलेल्यांसाठी जयपूर फूट बनवणारी कार्यशाळासुद्धा प्रकल्पात उभी राहिली, आणि ते पाय बनवायला शिकले ते फारसं न शिकलेले तिथलेच लोक. मेकॅनिकलवाल्यांनी जाऊन बघावं असं ते काम.

आता आकडे. आकड्यांशिवाय आपल्याला पटत नाही! प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ साली या गावांमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. १९९६ साली २६. प्रकल्पाचे आकडे प्रकल्पानेच मोजलेले, ही शंका कुणीही घेईल, घ्यावीच. म्हणून देशाचा आकडाही बघितला. १९७१ साली देशात हाच दर १२९ होता आणि पाच वर्षांनीही तो जवळपास तिथेच अडकलेला होता. १९९६ साली देश ७२ वर होता. म्हणजे देशाहून खूप मागे असलेला दुष्काळी टापू पाच वर्षांत देशाच्या कितीतरी पुढे गेला. गरोदरपणात तपासणी होणाऱ्या बायका सुरुवातीला शेकड्यात एकही नव्हत्या. पाच वर्षांत त्या ८० टक्के झाल्या. या आकड्यांमागे एकही नवा शोध नाही, एकही परदेशी मशीन नाही.

जगाचं लक्ष गेलंच. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली वेगवेगळ्या देशांतल्या लोकाधारित आरोग्य प्रयोगांचं एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर एक प्रकरण होतं, आरोळे दांपत्याने लिहिलेलं. तीनच वर्षांनी १९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे सर्वांसाठी आरोग्याची घोषणा झाली. त्या विचारामागे ज्या थोड्या ठिकाणांचा अनुभव होता त्यात आपलं जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली दोघांनी मिळून लिहिलेलं जामखेडच्या कामावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. मेबलबाईंनी काही वर्षं युनिसेफसाठी दक्षिण आशियात बायका आणि मुलांच्या आरोग्याचं काम केलं. प्रकल्प मोजक्या गावांपासून सुरू झाला होता, तो पुढे पुढे तीनशेच्या आसपास गावांपर्यंत पोहोचला.

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबलबाई गेल्या. त्रेसष्टाव्या वर्षी. रजनीकांत त्यानंतर बारा वर्षं काम करत राहिले, २५ मे २०११ रोजी तेही गेले. पुढची धुरा मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी उचलली.

मेबलबाईंच्या जाण्याबद्दल वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवली. एखादा मोठा सर्जन गेला की त्याच्या हातातली कला त्याच्याबरोबर जाते. मेबलबाई गेल्या त्या दिवशी जामखेडच्या आसपासच्या गावांत त्यांना येत असलेल्या कितीतरी गोष्टी शेकडो बायांना येत होत्या. त्या सकाळीही कुठेतरी बाळाचं वजन झालं असेल, कुठेतरी मीठ-साखरेचं पाणी कालवलं गेलं असेल. डिझायनर नसतानाही चालू राहणारं डिझाइन यालाच म्हणायचं ना?

सरकारने या वाटेने जायचा प्रयत्न आधीही केला होता. १९७७ साली देशभर गावपातळीवर आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना निघाली, पण त्यात बहुतेक पुरुषच नेमले गेले, आणि गावातल्या बाळंतिणीपर्यंत ते पोहोचणार कसे? योजना हळूहळू विझली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. यावेळी गावातलीच बाई, सून किंवा लेक. जामखेडच्या अनुभवाचा हा वारसा आहे. फरकही आहे. आशाताईंसाठी आठवी पासची अट आली, फॉर्म आले, रजिस्टरं आली, कामाप्रमाणे मोबदला आला. करोनाच्या काळात, २०२० साली, घरोघर जाऊन तपासणी करणाऱ्या या बायकांनाच आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांचं मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्यांना आंदोलनं करावी लागतात हेही पाहिलं. जामखेडला बाईला आधी माणूस म्हणून उभं केलं, मग काम दिलं. आपण बहुतेक वेळा आधी फॉर्म देतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे. इंजिनिअरने हे का वाचायचं? आपणही उद्या गावांसाठी काहीतरी बनवणार आहोत. पाण्याची योजना, सौर पंप, एखादं ॲप, दूरवरून डॉक्टरशी बोलायचं यंत्र. टेक फेस्टमध्ये दरवर्षी असे चार-पाच प्रोजेक्ट असतातच, बक्षीसही मिळतं. त्यातले किती प्रोजेक्ट आपण पास आऊट झाल्यावर चालू राहतात? नर्सबाईंची योजना कागदावर जशी बरोबर होती तशीच आपलीही असते. मेबलबाईंनी गावाला विचारलं, गावाने सांगितलेलं ऐकलं, आणि जे आपल्याला येतं ते दुसऱ्याला येईपर्यंत शिकवलं. दुरुस्ती गावातल्या माणसाला येत नसेल तर ते यंत्र गावाचं झालंच नाही, एवढं तरी त्यांच्याकडून घेऊ.

जामखेडला एसटी जाते. एखाद्या रविवारी चार-पाच जण मिळून निघा. तिथली इमारत बघाच, पण आसपासच्या एखाद्या गावात जाऊन जुन्या आरोग्यसेविकांपैकी कुणी भेटतात का ते विचारा. भेटल्या तर नमस्कार करा, खाली बसा आणि त्यांना बोलू द्या. त्यांनी जे शिकवलंय ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी